इंग्रजी अर्जातला स्वल्पविराम

घोडेगावच्या कांदा मार्केटात शेतकऱ्याला पट्टी मराठीत मिळते, हमालाचा हिशेबही मराठीतच होतो. तिथे इंग्रजी व्याकरणावाचून कुणाचे अडत नाही. पण त्याच हमालाचा मुलगा आयटीआय करून सुप्याच्या, रांजणगावच्या किंवा वाळूजच्या कारखान्यात अर्ज देतो, मुलगी रेल्वेभरतीचा फॉर्म भरते, तेव्हा कागद इंग्रजीत होतो. आपल्या वस्तीतील तरुणांनी लिहिलेले असे बरेच अर्ज आम्ही वाचले आहेत. मजकूर खरा असतो, गरज खरी असते. पण 'रिस्पेक्टेड सर' पासून 'युवर्स फेथफुली' पर्यंत एकच वाक्य धावत असते. पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही. वाचणाऱ्या साहेबाला नेमके काय मागितले आहे ते कळत नाही आणि तो कागद बाजूला सारतो.

यात लाजण्यासारखे काही नाही. आपल्या मराठीलाही ही चिन्हे नव्हती. मोडीतले जुने कागद पाहा, शब्दही एकमेकांना चिकटलेले असतात. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी इंग्रजीतली विरामचिन्हे मराठीत रुळवली. म्हणजे पांढरपेशांनाही ती कुणाकडून तरी शिकावीच लागली!

'शुद्ध' आणि 'अशुद्ध' या शब्दांनी आपल्या लोकांना फार छळले आहे हे आम्ही विसरलेलो नाही. 'न' आणि 'ण' वरून वर्गात हसे झालेली माणसे आजही आपल्यात आहेत. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला, तो पुस्तकी शुद्धतेची परवानगी मागून आला नाही. त्याला लाल शाईने तपासायला बसणाऱ्याची आम्हाला कीव येते. पण कविता वेगळी आणि अर्ज वेगळा. अर्जात, करारात, दाखल्यात आणि कायद्यात चिन्ह चुकले की अर्थ बदलतो, आणि अर्थ बदलला की हक्क बदलतो.

आपल्याच घरातले उदाहरण घ्या. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात सुरुवातीला प्रामुख्याने हिंदू धर्माचे नाव होते. १९५६ मध्ये तेथे 'द हिंदू ऑर द सिख' असे शब्द आले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी आणि लाखो लोकांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. परिच्छेदात बौद्ध हा शब्द नव्हता, म्हणून केंद्र सरकारच्या नोकऱ्यांतील अनुसूचित जातीच्या सवलती बौद्ध म्हणवून घेणाऱ्याला बंद झाल्या. किती तरी कुटुंबांत बाप बौद्ध आणि दाखल्यावर मुलगा हिंदू, अशी ओढाताण चालली. १९९० साली संसदेने दुरुस्ती केली आणि परिच्छेदात 'द हिंदू, द सिख ऑर द बुद्धिस्ट' असे शब्द बसले. पहिला 'ऑर' गेला, त्याच्या जागी स्वल्पविराम आला आणि शेवटी आपले नाव आले. हे चिन्हाने मिळवून दिले नाही, मोर्चे आणि निवेदने यांनी मिळवून दिले. पण चौतीस वर्षांचा लढा कागदावर उतरला तो एवढाच, अर्ध्या ओळीत.

ज्यांनी घटनेचा मसुदा सभागृहातून पार नेला त्या बाबासाहेबांना ही गोष्ट सांगण्याची गरज नव्हती. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या दाखल झाल्या व त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, हा आकडा त्यांनीच २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात दिला. नझिरुद्दीन अहमद नावाचे सभासद तर व्याकरणाच्या आणि स्वल्पविरामाच्या दुरुस्त्यांसाठीच ओळखले जात. मसुदा समितीला त्यांनी चिमटा काढला होता, त्याला बाबासाहेबांनी त्याच भाषणात उत्तर दिले. एवढ्या मोठ्या कामाच्या धबडग्यात सभागृहाने अशा बारीकसारीक सूचनाही ऐकून घेतल्या, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

आता विदर्भातील गोवारी बांधवांचे पाहा. अनुसूचित जमातींच्या इंग्रजी यादीत महाराष्ट्रापुरते 'गोंड गोवारी' असे दोन शब्द एकत्र आहेत. गोंड वेगळे आणि गोवारी वेगळे, मधला स्वल्पविराम सुटला, म्हणून आम्हाला दाखला मिळत नाही, असे या गुराखी समाजाचे म्हणणे होते. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूरला विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू असताना त्यांचा मोर्चा अडवला गेला. चेंगराचेंगरी झाली. ११४ माणसे मेली, त्यांत बायका होत्या, लेकरे होती. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आज आदिवासी गोवारी शहीदांचे नाव आहे. पुढे राज्याने त्यांना विशेष मागास प्रवर्गात घेतले. १४ ऑगस्ट २०१८ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारी हेच गोंड गोवारी असा निकाल दिला. १८ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. न्यायालयाला यादीत भर घालता येत नाही. राष्ट्रपतींच्या आदेशातील त्या यादीत एक शब्द किंवा एक चिन्ह बदलायचे तरी संसदेचा कायदा लागतो. टंकलेखकाच्या बोटाखालचे एवढेसे चिन्ह, आणि त्याच्यापायी तीन पिढ्या दारोदार!

कोर्टाने चिन्हाकडे बोट दाखवून माणूस सोडल्याचेही उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस औषधाच्या गोळ्या जवळ बाळगल्याचा एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. कायद्यात 'स्टॉक्स' या शब्दानंतर स्वल्पविराम नव्हता, म्हणून नुसता साठा गुन्हा ठरत नाही, तो विक्रीसाठी होता हे सिद्ध करावे लागते, असे न्यायालयाने म्हटले. अमेरिकेत मेन राज्यातील दूध कंपनीचे ट्रकचालकही ओव्हरटाइमच्या कायद्यात एक स्वल्पविराम नसल्याचा मुद्दा घेऊन भांडले. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि २०१८ मध्ये कंपनीने पन्नास लाख डॉलरवर तडजोड केली. चालकच होते ते, प्रोफेसर नव्हते.

आता रोजच्या लिहिण्याकडे वळू. 'नो पेमेंट रिसीव्हड' म्हणजे पैसे मिळाले नाहीत. 'नो' पुढे स्वल्पविराम पडला की अर्थ होतो, नाही, पैसे मिळाले. ठेकेदाराच्या कागदावर सही करताना हे डोळे उघडे ठेवून पाहावे. 'वर्कर्स डिमांड' लिहिताना वरची खूण 'एस'च्या आधी असेल तर मागणी एका कामगाराची, नंतर असेल तर सर्वांची. कानाला दोन्ही सारखेच ऐकू येते, फरक कागदावरच दिसतो. म्हणून युनियनच्या पत्रात ही खूण कुठे आहे ते पाहायलाच हवे.

रजेच्या अर्जात 'सिन्स टू डेज' सर्रास आढळते. तेथे 'फॉर टू डेज' हवे. 'सिन्स'पुढे वार किंवा तारीख येते, 'सिन्स मंडे'. 'मायसेल्फ' म्हणून स्वतःची ओळख करून देऊ नये, सरळ 'माय नेम इज' लिहावे. देवनागरीत मोठी-लहान लिपी नाही, त्यामुळे आपली मुले वाक्याचे पहिले अक्षर आणि 'मी' या अर्थाचा 'आय' लहान लिपीत लिहून जातात. दोन्ही मोठे हवेत. वाक्य लांबले की तोडावे. 'अँड' लिहिण्याचा मोह झाला की तेथे पूर्णविराम देऊन पाहावा, बहुतेक वेळा तो चालतो.

रक्कम अक्षरांत लिहिल्यावर 'ओन्ली' लिहून पुढची मोकळी जागा रेघ मारून बंद करावी. तारखेत महिना अक्षरांत लिहावा, कारण ५/६ म्हणजे पाच जून की सहा मे हा घोळ परदेशी कंपनीच्या कागदात हमखास होतो. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, जुन्या दाखल्यांवर अहमदनगर आहे. नवीन अर्जात स्पेलिंग एकदा जसे लिहिले तसेच शेवटपर्यंत ठेवावे. स्वतःचे नाव आणि आडनाव शाळा सोडल्याच्या दाखल्यात जसे आहे त्याच अक्षरांनी लिहावे. अर्ज झाला की घरातल्या दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला लावावा. जिथे तो अडखळेल तिथे चिन्ह राहून गेले आहे असे समजावे. मग झेरॉक्स काढून एक प्रत कार्यालयात द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेऊन ती घरी जपून ठेवावी.