सिरिझा–स्वतंत्र ग्रीक आघाडी सरकार

सिरिझा–स्वतंत्र ग्रीक आघाडी सरकार हे ग्रीसमध्ये जानेवारी २०१५ ते जानेवारी २०१९ या काळात सत्तेवर असलेले संयुक्त सरकार होते. ऑगस्ट–सप्टेंबर २०१५ मधील काळजीवाहू सरकारामुळे त्यात अल्पसा खंड पडला. डाव्या विचारसरणीचा सिरिझा हा पक्ष आणि उजव्या, राष्ट्रवादी विचारसरणीचा स्वतंत्र ग्रीक हा पक्ष (ग्रीक आद्याक्षरांवरून ‘आनेल’) हे या आघाडीचे दोन घटक होते. अलेक्सिस त्सिप्रास पंतप्रधान, तर आनेलचे संस्थापक पानोस कामेनोस संरक्षणमंत्री होते. धर्म, स्थलांतर, नागरिकत्व, परराष्ट्र धोरण अशा जवळजवळ प्रत्येक प्रश्नावर परस्परविरोधी भूमिका असलेले हे पक्ष आर्थिक काटकसरीला असलेल्या विरोधाच्या एकाच मुद्द्यावर एकत्र आले होते.

पार्श्वभूमी

मराठीत काटकसर हा गुण मानला जातो. ग्रीसमध्ये या काळात हा शब्द कर्जदात्यांनी घातलेल्या अटींसाठी वापरला जाई. वेतन व निवृत्तिवेतनातील कपात, करवाढ, सरकारी नोकरभरतीवरील बंधने आणि सार्वजनिक मालमत्तेची विक्री यांचा त्यात समावेश होता. २००९ च्या अखेरीस देशाची अर्थसंकल्पीय तूट आधी जाहीर झालेल्या आकड्यांपेक्षा कितीतरी मोठी असल्याचे उघड झाले आणि ग्रीसला बाजारातून परवडणाऱ्या व्याजाने कर्ज मिळेनासे झाले. मे २०१० मध्ये युरो वापरणारे देश आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांनी ११० अब्ज युरोंचे कर्ज मंजूर केले. २०१२ मध्ये दुसरे कर्ज मिळाले. अटींच्या पालनावर युरोपीय आयोग, युरोपीय मध्यवर्ती बँक आणि नाणेनिधी यांचे संयुक्त पथक देखरेख ठेवीत असे. हे पथक ‘त्रोइका’ या नावाने ओळखले जाई.

फेब्रुवारी २०१२ मध्ये किमान मासिक वेतन ७५१ युरोंवरून ५८६ युरोंवर आणण्यात आले. पंचवीस वर्षांखालील कामगारांसाठी ही कपात आणखी मोठी होती. संकटाच्या काळात देशाचे सकल उत्पादन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. २०१३ मध्ये बेरोजगारीचे प्रमाण २७ टक्क्यांच्या आसपास पोहोचले, तर तरुणांमध्ये ते निम्म्याहून अधिक होते.

या धक्क्याने प्रथम मोडली ती जुनी पक्षव्यवस्था. १९७४ मध्ये लष्करी राजवट संपल्यापासून एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले समाजवादी पासोक आणि पुराणमतवादी न्यू डेमोक्रसी हे पक्ष नोव्हेंबर २०११ मध्ये कर्जाच्या अटी राबवण्यासाठी एकाच सरकारात बसले. संकटकाळातील डाव्या आणि उजव्यांची पहिली युती अशा रीतीने काटकसरीच्या बाजूने झाली होती, ही गोष्ट सिरिझा–आनेल आघाडीच्या चर्चेत बरेचदा विसरली जाते. त्यानंतर मतदारांची विभागणी डावे आणि उजवे यांच्याऐवजी करारसमर्थक आणि करारविरोधी अशी होऊ लागली.

हीच विभागणी रस्त्यावरही दिसली. २५ मे २०११ पासून अथेन्समधील संसदेसमोरच्या सिंताग्मा चौकात हजारो नागरिक जमू लागले. चौकाच्या वरच्या भागात, संसदेच्या पायऱ्यांलगत, राष्ट्रध्वज घेऊन घोषणा देणारा जमाव असे. खालच्या भागात डाव्या गटांच्या सभा व चर्चा चालत. दोन्ही जमाव एकमेकांत फारसे मिसळत नसत, मात्र दोघांचा रोख एकाच इमारतीकडे होता.

दोन्ही पक्षांची वाटचाल

सिरिझा ही २००४ मध्ये स्थापन झालेली डाव्या गटांची आघाडी होती. २००९ च्या निवडणुकीत तिला ४.६ टक्के मते होती. जून २०१२ मध्ये ती जवळपास २७ टक्क्यांवर जाऊन प्रमुख विरोधी पक्ष बनली. कामेनोस हे न्यू डेमोक्रसीचे संसद सदस्य होते. २०११ च्या संयुक्त सरकारला पाठिंबा न दिल्यामुळे त्यांची पक्षातून हकालपट्टी झाली आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांनी स्वतंत्र ग्रीक पक्षाची घोषणा केली. पक्षाचा जाहीरनामा दिस्तोमो या गावी प्रसिद्ध करण्यात आला. जून १९४४ मध्ये नाझी सैन्याने तेथे दोनशेहून अधिक गावकऱ्यांची हत्या केली होती. जर्मनी हा सर्वांत प्रभावी कर्जदाता असताना केलेल्या या स्थळनिवडीचा अर्थ ग्रीक मतदारांना सांगावा लागला नाही. मे २०१२ मध्ये पक्षाला १०.६ टक्के मते मिळाली, परंतु नंतर त्याचा जनाधार सतत घटत गेला.

जर्मन आक्रमणाची आठवण डाव्यांचीही होती. २६ जानेवारी २०१५ रोजी शपथविधीनंतर त्सिप्रास प्रथम केसारियानी येथील स्मारकावर फुले वाहण्यासाठी गेले. १ मे १९४४ रोजी नाझींनी तेथे २०० कम्युनिस्टांना गोळ्या घातल्या होत्या. एप्रिल २०१५ मध्ये सरकारने जर्मनीकडील युद्धभरपाईचा आकडा २७८.७ अब्ज युरो असल्याचे जाहीर केले, तेव्हा दोन्ही पक्षांत त्यावर मतभेद नव्हता.

आघाडीची स्थापना

डिसेंबर २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला संसदेत आवश्यक १८० मते मिळू शकली नाहीत. सिरिझा आणि आनेल या दोघांनीही पाठिंबा नाकारला होता. राज्यघटनेनुसार संसद विसर्जित झाली. २५ जानेवारी २०१५ च्या निवडणुकीत सिरिझाला ३६.३ टक्के मते आणि ३०० पैकी १४९ जागा मिळाल्या. पहिल्या क्रमांकाच्या पक्षाला मिळणाऱ्या ५० अतिरिक्त जागा त्यात धरलेल्या होत्या. बहुमतासाठी दोन जागा कमी पडल्या.

या दोन जागांसाठी पर्याय फार नव्हते. १५ जागा असलेल्या कम्युनिस्ट पक्षाने सिरिझाशी सहकार्य आधीपासूनच नाकारले होते. पोतामी हा मध्यममार्गी पक्ष कर्जदात्यांशी संघर्ष करण्याच्या विरोधात होता. १३ जागांचा आनेल मात्र कर्जकरारांना विरोध करीत निवडून आला होता. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी त्सिप्रास आणि कामेनोस यांची भेट झाली आणि आघाडी जाहीर करण्यात आली. त्सिप्रास यांनी धार्मिक विधीविना शपथ घेतली. असे करणारे ते ग्रीसचे पहिले पंतप्रधान ठरले. आनेलच्या मंत्र्यांनी मात्र ऑर्थोडॉक्स धर्मगुरूंच्या उपस्थितीत शपथ घेतली.

वाटाघाटी आणि सार्वमत

अर्थमंत्री यानिस वारुफाकिस यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या वाटाघाटी पाच महिने चालल्या. आनेलची स्वतःची लाल रेषा एजियन बेटांवरील सवलतीच्या मूल्यवर्धित कराची होती. करार होत नाही असे पाहून त्सिप्रास यांनी जूनअखेरीस सार्वमत जाहीर केले. बँका बंद झाल्या आणि रोख रक्कम काढण्यावर दिवसाला ६० युरोंची मर्यादा आली. ३० जून रोजी नाणेनिधीचा हप्ता थकला. ५ जुलैच्या सार्वमतात ६१.३ टक्के मतदारांनी कर्जदात्यांच्या अटी नाकारल्या.

आठवडाभरानंतर, १३ जुलैच्या सकाळी, रात्रभर चाललेल्या बैठकीअंती त्सिप्रास यांनी कमाल ८६ अब्ज युरोंच्या तिसऱ्या कर्जाची तत्त्वतः तडजोड स्वीकारली. अटी नाकारलेल्या प्रस्तावापेक्षा सौम्य नव्हत्या. १५ जुलै रोजी संसदेत संबंधित विधेयक २२९ विरुद्ध ६४ मतांनी संमत झाले, परंतु सरकारच्या १६२ सदस्यांपैकी केवळ १२३ जणांनी बाजूने मत दिले. फूट सिरिझात पडली होती. आनेलचे सर्व १३ सदस्य सरकारसोबत राहिले. सत्तेत राहण्याचे आकर्षण हे त्याचे एक कारण असणार. मात्र दुसरे कारण पक्षाच्या स्वरूपातच आहे. सिरिझाच्या डाव्या गटासाठी काटकसरीचा विरोध हा पक्षाच्या अस्तित्वाचा आधार होता, तर आनेलसाठी तो राष्ट्राच्या सार्वभौमत्वाच्या प्रश्नाचा केवळ एक भाग होता.

त्सिप्रास यांनी ऑगस्टमध्ये राजीनामा दिला. बंडखोरांनी स्थापन केलेल्या लोकएकता पक्षाला २० सप्टेंबरच्या निवडणुकीत २.९ टक्के मते मिळाली आणि तीन टक्क्यांच्या अटीमुळे तो संसदेबाहेर राहिला. सिरिझाला १४५ आणि आनेलला १० जागा मिळाल्या. तीच आघाडी पुन्हा सत्तेवर आली, या वेळी काटकसरीची अंमलबजावणी करण्यासाठी.

दुसरा कार्यकाळ

एकत्र येण्याचे मूळ कारण संपल्यानंतरही आघाडी आणखी तीन वर्षे टिकली. सामाजिक प्रश्नांवर मतभेद झाले की सिरिझा विरोधी बाकांवरून मते मिळवीत असे. डिसेंबर २०१५ मध्ये समलिंगी जोडप्यांच्या नागरी सहजीवनाला मान्यता देणारा कायदा आनेलच्या विरोधानंतरही संमत झाला. सहकारी पक्षाने विरोधात मत द्यावे आणि तरी सरकार पडू नये, असा हा अलिखित व्यवहार होता. आर्थिक विधेयकांवर मात्र आनेलची मते अपरिहार्य होती आणि ती मिळत राहिली. २० ऑगस्ट २०१८ रोजी तिसरा कर्जकार्यक्रम पूर्ण झाला.

ज्या प्रश्नावर तडजोड शक्य नव्हती तो अर्थव्यवस्थेचा नव्हता. ग्रीसच्या उत्तर प्रांताचे नाव मॅसेडोनिया आहे. शेजारील देशानेही तेच नाव धारण केल्यामुळे १९९१ पासून वाद चालू होता. १७ जून २०१८ रोजी प्रेस्पा सरोवराकाठी झालेल्या करारानुसार त्या देशाने ‘उत्तर मॅसेडोनिया’ हे नाव स्वीकारण्याचे ठरले. नावात ‘मॅसेडोनिया’ हा शब्द राहणेच आनेलला अमान्य होते. १३ जानेवारी २०१९ रोजी कामेनोस यांनी राजीनामा देऊन पक्षाला सरकारातून बाहेर काढले. तीन दिवसांनी सरकारने आनेलपासून दुरावलेल्या काही सदस्यांच्या साहाय्याने १५१ मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला आणि २५ जानेवारी रोजी करार १५३ मतांनी संमत झाला. मे २०१९ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत आनेलला एक टक्काही मते मिळाली नाहीत. जुलैमधील संसदीय निवडणूक त्या पक्षाने लढवली नाही. त्या निवडणुकीत न्यू डेमोक्रसीने १५८ जागा जिंकल्या आणि सिरिझा ८६ जागांसह विरोधी पक्ष झाला.