लेथवरचा आकडा आणि आपली नजर

‘लेथ’ म्हटलं की मोठा कारखाना आणि तेलकट कपड्यांतला कामगार डोळ्यांपुढे येतो, नाही का? पण कोल्हापूर-सांगलीकडे पुढे घर, मागे पत्र्याची शेड आणि शेडमध्ये लहानसा लेथ असे कितीतरी संसार आहेत. ऑर्डरींचा हिशेब घरच्या बाईकडे, माल मोजून देणंही तिच्याकडे. मग यंत्रच तेवढं परकं का मानायचं? मी सकाळी शाळेत शिकवते आणि दुपारी दोन तास आमचा लेथ चालवते. इतिहास घेऊन बी. ए. झालेल्या बाईला जे जमतं, ते तुम्हाला न जमायला काय झालं?

तुमच्या हातातलं लाटणं लाकूड फिरवून, त्याला धार लावूनच गोल केलेलं असतं. धातूचा लेथही तेच करतो. चक नावाच्या पकडीत जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, घट्ट बसवायचा. तो गरगर फिरतो आणि स्लाइडवर आवळून बांधलेलं टूल त्याला कापत जातं. टूल हातात न धरता स्लाइडवर बांधून स्क्रूने सरकवायचं, ही पद्धत इंग्लंडमध्ये हेन्री मॉडस्ले यांनी १८०० च्या सुमारास कारखान्यांत रुजवली.

आता या यंत्राला आकडे दाखवणारी पाटी मिळाली आहे. तिचं नाव डिजिटल रीडआउट. वर्कशॉपमध्ये सगळे डीआरओ म्हणतात. स्लाइडच्या बाजूला काचेची बारीक पट्टी बसवतात. स्लाइड सरकली की तिची जागा पाटीवर उमटते, बहुधा ०.००५ मिलिमीटरपर्यंत. आपला केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज करा. ही पाटी जुन्या लेथलाही बसवता येते.

तिचा मोठा फायदा सांगते. जुना नळ सैल झाला की चावी थोडी नुसतीच फिरते आणि पाणी काही वाढत नाही. लेथच्या स्क्रूमध्येही अशीच ढील असते. हँडल फिरतं, त्याच्यावरची खूणही पुढे जाते, पण स्लाइड जागची हलत नाही. डीआरओ हँडलकडे बघतच नाही. तो स्लाइड खरोखर किती सरकली तेच सांगतो.

मात्र बायांनो, इथेच फसायला होतं. पाटी बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात ह्यांनी पंपासाठी बीडाचे दहा बुश कापले. पहिला मोजला आणि बाकीचे पाटीवर विसंबून केले. त्यातले सहा परत आले, कारण ते जाड झाले होते आणि घरात बसतच नव्हते. बीडाने टूलची धार हळूहळू झिजवली होती. पाटीला त्याचं काय? स्लाइड तर बरोबर जागेवर होती! माल आमचा, मजुरी आमची, आणि गिऱ्हाइकाची नाराजीही आमचीच.

कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात, पण डाळ शिजली की नाही हे दाबूनच बघावं लागतं. तसंच हे आहे. टूल कुठे आहे ते पाटी सांगते, जॉब केवढा झाला ते मायक्रोमीटरच सांगतो. धार झिजली, बारीक सळई टूलच्या दाबाने वाकली, कापताना धातू तापून फुगला, यातलं काहीच पाटीला कळत नाही. २५ मिलिमीटरची पोलादी सळई ४० अंशांनी तापली तर साधारण ०.०१२ मिलिमीटरने जाड होते. म्हणून शेवटचं माप जॉब निवल्यावरच घ्यावं.

रीत अशी ठेवा. समजा, २४ मिलिमीटरचा व्यास हवा आहे. आधी पाटी व्यास दाखवते की त्रिज्या, ते बघून घ्या. टूल १ मिलिमीटर आत गेलं की व्यास २ मिलिमीटरने कमी होतो. एक हलका कट घ्या. टूल आत-बाहेर न करता फक्त लांबीच्या दिशेने बाजूला सरकवा, यंत्र पूर्ण थांबवा आणि मापा. माप २४.६२ आलं, तर तोच आकडा पाटीत भरा. मग २४.२० पर्यंत कापा आणि पुन्हा मापा. २४.२२ भरलं, तर पाटीवरचा आकडा दुरुस्त करा आणि त्यानंतरच शेवटचा कट घ्या. नेहमीच्या पाटीला दोनच पट्ट्या असतात. त्यामुळे वरची लहान स्लाइड हलवली तर पाटीवर काहीच दिसत नाही, हेही ध्यानात असू द्या. सहा बुश परत आल्यापासून प्रत्येक नगाचं माप मी वहीत लिहिते.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. लेथजवळ पदर नको, ओढणी नको, मोकळी वेणी नको, बांगड्या नकोत. केस घट्ट बांधून आत खोचा, बाह्या आखूड ठेवा. हातमोजेही घालू नका. ते अडकले तर हात आत ओढला जातो. मंगळसूत्र काढून ठेवायला मन घेत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही काढा. फिरत्या चकला सौभाग्य कळत नाही. डोळ्यांना चष्मा हवाच. चकची चावी काम झालं की लगेच काढायची, तिच्यात ठेवून बटण दाबायचं नाही. फिरत्या जॉबवर हात, फडकं किंवा मायक्रोमीटर न्यायचा नाही. यंत्राला अर्थिंग आणि हाताशी येईल असं बंद करायचं बटण असावं. शेडला कडी-कुलूप असावं, म्हणजे मुलं आत शिरणार नाहीत.

कापताना निघणारा कीस सुरीसारखा धारदार असतो. तो यंत्र थांबवून, आकड्याने नि ब्रशाने काढा. शेडमधल्या चपला शेडमध्येच ठेवा, नाहीतर तो कीस रांगत्या बाळाच्या तळहातात जायचा. लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जमिनीवरून फिरवा आणि डब्यावर धरून चुंबक पिशवीतून काढून घ्या. कीस आपोआप खाली पडतो. पितळ आणि ॲल्युमिनियम मात्र चुंबकाला चिकटत नाहीत, ते झाडूनच घ्यावे लागतात. तेलकट कपडे घरच्या कपड्यांत भिजवू नका आणि तेलाची फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

शितावरून भाताची परीक्षा आपण घेतो, पण बुशाच्या बाबतीत प्रत्येक शीत तपासावं लागतं. ते काम आपल्या बायकांच्या चिकाटीला उत्तम जमतं. तेव्हा मैत्रिणींनो, घरात लेथ असेल तर मायक्रोमीटर वाचायला आधी शिका. पाटी नंतर आपोआप कळेल.