धानाची मान मोडणारी बुरशी

सप्टेंबर सरत आला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात शेतकऱ्यांची सकाळ बांधावरच उजाडते. सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी या भागांत तोवर रोवणीला दोन महिने होत आलेले असतात आणि धान निसवू लागलेले असते. रात्री गारवा, पहाटे जंगलाच्या कडेला धुके आणि पानांवर उशिरापर्यंत दव. माणसाला सुखावणारे हे हवामान करपा रोगालाही तितकेच मानवते.

करप्याचा पानावरचा ठिपका डोळ्याच्या आकाराचा असतो. तो दोन्ही टोकांना निमुळता, मधे राखाडी आणि कडेने तपकिरी दिसतो. रोग पानांपुरता राहिला तर पीक सावरू शकते. लोंबीच्या मानेवर तो बसला, तर मात्र दाण्यांकडे जाणारा अन्नरस तुटतो, लोंबी पांढरी पडते आणि मान मोडून लटकते. नांगरणी, रोवणी, खत, मजुरी असा सगळा खर्च करून झाल्यावर हे घडते, हे त्यातले खरे दुखणे. (खोडकिड्यामुळेही लोंबी पांढरी पडते, पण ती ओढली की सहज हातात येते. करप्यात मानेवर काळपट तपकिरी डाग दिसतो.)

‘मॅग्नापोर्थे ओरायझी’ ही बुरशी या रोगामागे आहे. तिचा बीजाणू ओल्या पानाला चिकटतो, त्याला अंकुर फुटतो आणि अंकुराच्या टोकाला एक घुमट तयार होतो. या घुमटाला काळ्या मेलॅनिनचा थर असतो. आत ग्लिसरॉल साठून पाणी ओढले जाते आणि दाब वाढत जातो. तो मोटारीच्या चाकातल्या हवेच्या सुमारे चाळीस पट होतो. त्या जोरावर बुरशी पानाची साल भोसकून आत शिरते. ट्रायसायक्लाझोल हे परिचित औषध हा मेलॅनिनचा थरच तयार होऊ देत नाही, म्हणून घुमट कुचकामी ठरतो. पण औषधाला पैसे लागतात, ते वेळेवर पडावे लागते आणि त्याचा अंश दाण्यात उरू शकतो. युरोपीय संघाने तांदळातील या औषधाची मर्यादा किलोमागे एक मिलिग्रॅमवरून ०.०१ मिलिग्रॅमवर आणली, तेव्हा भारतातील बासमती निर्यातदारांची झोप उडाली होती. फवारणीची गरजच कमी पडेल, असे वाण म्हणूनच हवे आहेत.

काही धानांना असे संरक्षण जन्मजात असते. बुरशी आत शिरताना स्वतःची काही प्रथिने पेशीत सोडते. प्रतिकारक वाणाच्या पेशीतील पहारेकरी प्रथिन त्यातले एखादे ओळखते आणि त्या जागच्या पेशी लगेच स्वतःला संपवतात. बुरशी तिथेच कोंडली जाते. पानावर उरतो तो टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका. असे शंभराहून अधिक जनुक आजवर नोंदले गेले आहेत. त्यांपैकी ‘पीआय-५४’ हा व्हिएतनामच्या ‘टेटेप’ या धानातून दिल्लीतील शास्त्रज्ञांनी वेगळा केला. ही ओळख किती नाजूक असते, हे ‘पीआय-टीए’ जनुकावरून कळते. त्याच्या प्रथिनात ९२८ अमिनो आम्ले आहेत. प्रतिकारक आणि रोगाला बळी पडणाऱ्या धानात फरक फक्त ९१८ व्या जागेवरच्या एका अमिनो आम्लाचा!

अडचण बुरशीच्या बाजूने येते. ‘पीआय-टीए’ जे प्रथिन ओळखतो, त्याचा बुरशीतील जनुक गुणसूत्राच्या टोकाजवळ आहे. तिथे तुकडे गळणे, बदलणे सहज घडते. जनुक गळाला की पहारेकऱ्याला चोर दिसेनासा होतो. मोठ्या क्षेत्रावर एकाच जनुकाच्या भरवशाचा वाण लावला, तर काही हंगामांत तो करप्याला बळी पडू लागतो. हा अनुभव जगभराचा आहे.

याच मातीतले दादाजी खोब्रागडे इथे आठवतात. नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या या अल्पभूधारक शेतकऱ्याने १९८३ मध्ये ‘पटेल-३’ या धानात काही वेगळ्या लोंब्या हेरल्या, त्यांचे बी वर्षानुवर्षे जपले, वाढवले. त्यातून आलेल्या बारीक धानाला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून ‘एचएमटी’ नाव पडले. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर हे धान अनेक राज्यांत पोचले होते. दाण्याची बारकाई, रंग, फुटवे हे सारे जाणत्या नजरेला दिसते. करप्याचा प्रतिकार मात्र रोग येईपर्यंत दिसत नाही. आणि एका रोपात दोन प्रतिकारक जनुक आहेत की एकच, हे तर रोग येऊनही कळत नाही, कारण दोन्ही रोपे सारखीच हिरवी राहतात.

इथे डीएनए-खुणांची चाचणी कामी येते. कोवळ्या रोपाच्या पानाचा तुकडा तपासला की कोणते जनुक उतरले, ते कळते. मग लोकांच्या पसंतीच्या वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करून बाकी सर्व गुण तेच ठेवता येतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने २०२१ मध्ये आणलेल्या ‘पुसा बासमती १८४७’ मध्ये करप्याविरुद्धचे ‘पीआय-२’ आणि ‘पीआय-५४’ असे दोन जनुक आहेत. बुरशीला एकाच वेळी दोघांना चकवणे जड जाते. पूर्व विदर्भाच्या बारीक धानांवरही असेच काम व्हायला हवे. निर्यातीचे बासमती आधी आणि घरच्या ताटातला भात नंतर, हा क्रम काही बरा नाही.

चवीचा प्रश्नही हलका नाही. जपानमधील एका कोरडवाहू धानात करप्याचा टिकाऊ प्रतिकार होता, पण तो दुसऱ्या वाणात आणला की भात बेचव व्हायचा. अनेक दशके असेच चालले. प्रतिकाराच्या ‘पीआय-२१’ जनुकाला अगदी खेटून चव बिघडवणारा जनुक आहे, हे २००९ मध्ये उघड झाले आणि दोघांची फारकत करता आली.

असे जनुक बहुधा जुन्या गावठी धानांतच सापडतात. गडचिरोलीच्या शेजारी, रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात तेवीस हजारांहून अधिक धान-नमुन्यांचा साठा आहे. नमुने पारखण्यासाठी करपा मुद्दाम वाढवतात. वाफ्याभोवती रोगाला लवकर बळी पडणाऱ्या धानाच्या ओळी लावतात, नत्र जास्त देतात, पाने ओली ठेवतात आणि मग प्रत्येक ओळीला शून्य ते नऊ असे गुण देतात. शून्य म्हणजे डागही नाही.

या वाफ्यात जे मुद्दाम करतात, ते शेतात टाळायचे असते. युरिया एकदम न टाकता हप्त्याने द्यावा. बुरशी बियाण्यात आणि जुन्या पेंढ्यात तग धरते, म्हणून रोगट शेतातले बी पुढच्या वर्षाला ठेवू नये. पेरणीपूर्वी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओतावे, वर तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावेत आणि तळाचे बी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे.