शहर वाढते, कार्बन कुठे मोजायचा?

यवतमाळ हा तसा खेड्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार इथल्या दर १०० माणसांपैकी जेमतेम २२ जण शहरी भागात राहत होते. राज्यात हे प्रमाण ४५ होते. तरीही शहरांच्या वाढीचा कार्बनहिशेब समजून घ्यायचा तर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला जावे. वणी तालुक्यात कोळशाच्या खाणी आहेत आणि शेजारच्या झरी जामणी तालुक्यात, मुकुटबनला, सिमेंटचा कारखाना. शहरांना लागणारी वीज आणि सिमेंट अशाच ठिकाणांहून येते.

कोळसा जळला की कार्बन डायऑक्साइड निघतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. सिमेंटचे गणित मात्र फारसे माहीत नसते. सिमेंटसाठी चुनखडी भट्टीत तापवतात. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो चुना मिळतो; उरलेले ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातात. इंधनाचा धूर वेगळाच. म्हणजे भट्टी उद्या सौरऊर्जेवर चालवली, तरी हा वायू निघणारच.

उत्पन्न वाढले की पक्के घर, गाडी, कूलर येतो आणि उत्सर्जनही वाढते. तरी भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. जगाची सरासरी याच्या दुपटीहून अधिक आहे. त्यामुळे कास्तकाराला ‘पक्के घर बांधू नका’ असे सांगणे न्यायाचे नाही. बांधायचे कसे, हा खरा प्रश्न आहे.

एक उपाय हाताशी आहे. औष्णिक वीजकेंद्रांची राख सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत मिसळता येते. तेवढी चुनखडी कमी भाजावी लागते. दुसरा उपाय नगररचनेचा. शाळा, बाजार, दवाखाना पायी अंतरावर आणि बाकी प्रवासाला बस असेल, तर पेट्रोल वाचते. त्याचा फायदा फुप्फुसांनाही होतो, कारण इंधनाच्या धुरात कार्बनबरोबर श्वसनविकार आणि हृदयविकार वाढवणारे सूक्ष्म कणही असतात.

भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. यवतमाळसारख्या जिल्ह्यांतली बरीच शहरी घरे अजून बांधायचीच आहेत. एकदा उभी राहिलेली वस्ती पन्नास-साठ वर्षे हलत नाही. म्हणून आज नगरपरिषदेत मंजूर होणारा प्रत्येक लेआउट हा पुढच्या पिढीच्या हवेचाही निर्णय आहे.