सशाचे वय कसे मोजावे?

बैल विकत घेताना शेतकरी प्रथम त्याचे दात पाहतो. आदत, दोन दाती, चार दाती, जुळलेला हे वयाचे टप्पे बाजारात सर्वांस ठाऊक असतात. सशाच्या बाबतीत मात्र ही परीक्षा निरुपयोगी ठरते. सशाचे दात जन्मभर वाढतात व चारा चावताना झिजतात. समोरचे दात तर आठवड्यास सुमारे २ ते ३ मिलिमीटर वाढतात. त्यामुळे ‘मादी सहा महिन्यांची आहे’ या विक्रेत्याच्या शब्दावरच विसंबावे लागते, आणि फसगत होते ती नेमकी येथेच. विऊन थकलेली मादी घरी आली, तर पिंजरा, चारा व मेहनत यांचा खर्च अंगावर पडतो.

सशाचे एक वर्ष म्हणजे माणसाची अमुक वर्षे, असा सरळ गुणाकार करता येत नाही. सशाचे पिल्लू जन्मतः आंधळे व केसहीन असते. दहाव्या दिवसाच्या सुमारास ते डोळे उघडते आणि लहान जातीचे असल्यास चार-पाच महिन्यांत वयात येते. माणसास ज्यास बारा-चौदा वर्षे लागतात, ते ससा अर्ध्या वर्षाच्या आत उरकतो! म्हणून त्याचे पहिले वर्ष माणसाच्या सुमारे २० वर्षांइतके व पुढील प्रत्येक वर्ष सुमारे ६ वर्षांइतके धरतात. या हिशेबाने तीन वर्षांची मादी ३२ वर्षांची, तर आठ वर्षांचा ससा ६२ वर्षांचा वृद्ध ठरतो. चांगली निगा राखलेला ससा सामान्यतः ८ ते १२ वर्षे जगतो. टास्मानियात १९६४ साली पकडलेला एक ससा मात्र १८ वर्षे १० महिने जगला. वरील हिशेबाने त्याचे वय सव्वाशेच्या पुढे जाते. हे कोष्टक किती ढोबळ आहे, ते यावरून दिसेलच.

वयात आलेली मादी लगेच नराकडे सोडू नये. तिचे अंग भरेपर्यंत, म्हणजे मध्यम जातीत पाच-सहा महिने व मोठ्या जातीत त्याहून अधिक काळ थांबावे. गर्भकाळ अवघा ३१ दिवसांचा असल्याने ही घाई अनेकांना आवरत नाही.

खरेदीच्या वेळी नखे पाहावीत. कोवळ्या सशाची नखे केसांत झाकलेली असतात. वयस्क सशाची लांब, जाड व वाकडी दिसतात. याने म्हातारे जनावर ओळखू येते, पण महिने मोजता येत नाहीत. त्यासाठी पिंजऱ्यावर जन्मतारीख व वितांची नोंद असलेले कार्ड मागावे. कार्ड नसल्यास ग्रामसेवकांनी शेतकऱ्यास दुसरीकडे चौकशी करण्यास सांगावे.