पोथीच्या दारी जाणारे ग्रंथालय

अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर ही महानुभाव पंथाची काशी. जवळच्या काटसुरे गावी जन्मलेल्या गोविंदप्रभूंनी आपले आयुष्य इथे घालवले आणि पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामींना आपल्या या गुरूंचे दर्शन इथेच घडले. राजमठात आणि गावभर विखुरलेल्या स्थानांवर माथा टेकायला आजही दूरदूरचे भाविक येतात. मराठीच्या अभ्यासकालाही हे गाव तितकेच जवळचे, कारण लीळाचरित्र हा मराठीचा आद्य गद्यग्रंथ इथे सिद्ध झाला. 2023 च्या अर्थसंकल्पात राज्य सरकारने मराठी भाषा विद्यापीठाची घोषणा केली, ती याच गावासाठी. त्याचे पहिले कुलगुरू डॉ. अविनाश आवलगावकर हे महानुभाव साहित्याचे अभ्यासक आहेत. विद्यापीठ आले की ग्रंथालय आलेच. ते कसे उभारावे याचा धडा मात्र रिद्धपूरला बाहेरून आणावा लागणार नाही. जवळजवळ साडेसातशे वर्षांपूर्वी या गावात एक संग्रह झाला, आणि तो कसा झाला हे नीट सांगता येते.

चक्रधरस्वामींच्या उत्तरापंथगमनानंतर, म्हणजे ते उत्तरेकडे निघून गेल्यावर, त्यांचे शिष्य रिद्धपुरी गोविंदप्रभूंच्या सन्निध येऊन राहिले. स्वामींच्या आठवणी या मंडळींच्या मनात होत्या. कागदावर काहीच नव्हते. म्हाइंभट या विद्वान शिष्याने त्या लिहून काढायचे मनावर घेतले. पंथाचे आचार्य नागदेव, म्हणजे भटोबास, वाजेश्वरीच्या देवळात बसून आठवून सांगत आणि म्हाइंभट लिहून घेत. पण एका माणसाच्या आठवणीवर त्यांनी भिस्त ठेवली नाही. ज्या प्रसंगी जो हजर होता, त्याला गाठून त्याच्या तोंडून तो प्रसंग ऐकायचा, असा त्यांचा नेम होता. त्यासाठी ते गावोगाव फिरले. आणलेले सारे पुन्हा भटोबासांपुढे ठेवले जाई, पारखले जाई. 1278 च्या सुमारास लीळाचरित्र आकाराला आले.

या कामातली एक गोष्ट आजच्या सूचीकारानेही गिरवावी अशी आहे. दोघांनी एकच प्रसंग वेगवेगळा सांगितला, तर त्यातला एक खोडून टाकण्याची घाई ग्रंथाने केलेली नाही. दुसरी आठवण ‘वासना’ म्हणून तिथल्या तिथे नोंदली आहे. कोणी काय सांगितले, कुठे फरक पडला, हे वाचणाऱ्याला कळते.

हा संग्रह कोणासाठी होता, हेही ठरलेले होते. पंथातले केशोबास संस्कृतात लिहायला निघाले, तेव्हा भटोबासांनी त्यांना आवरले. संस्कृत लिहिले तर आपल्या साध्यासुध्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील, ही त्यांची काळजी होती. त्या बायकांमधल्याच महदाइसेने गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या लीळेच्या निमित्ताने ‘धवळे’ रचले आणि ती मराठीची आद्य कवयित्री ठरली. वाचक कोण हे आधी ठरले आणि त्याला पेलेल ती भाषा मग निवडली गेली. ग्रंथालयाने लोकांपर्यंत जायचे म्हणजे काय, ते यात सगळे आले.

पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत नाहीशी झाली. ग्रंथ वाचला तो पाठांतरामुळे. हिराइसेसारख्या शिष्यांना तो मुखोद्गत होता. त्यांच्या आठवणीतून तो पुन्हा लिहिला गेला, म्हणून आज त्याचे वेगवेगळे पाठ आढळतात आणि एक पाठ हिराइसेच्या नावाने ओळखला जातो. एकाच ठिकाणी एकच प्रत ठेवणे किती धोक्याचे असते, हे रिद्धपूरच्या माणसांनी सोसून शिकलेले आहे. त्यानंतर मठामठांतून नकला होत राहिल्या. पोथी उतरून घेणे हीच सेवा मानली गेली आणि पंथाबरोबर मराठी पोथ्या थेट पंजाबपर्यंत पोहोचल्या.

अशी एखादी पोथी हातात घेऊन पाहावी. रंगीत कापडाचे बासन सोडले की दोन लाकडी फळ्यांमध्ये सुटी, आडवी पाने निघतात. हातकागद कडांना तपकिरी पडलेला. काजळीच्या शाईची अक्षरे मात्र अजून काळीभोर. लिहिताना चूक झाली तिथे हरताळाचा पिवळा लेप देऊन वर दुरुस्त अक्षर काढलेले. समासात पानाचा आकडा. कसर लागू नये म्हणून बासनात वेखंडाची पुरचुंडी. शेवटच्या पानावर लेखकाने शक, तिथी, गाव आणि आपले नाव घातलेले असते आणि तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून पोथीला जपा अशी विनवणीही केलेली असते. पोथ्या जपण्याचे शास्त्र याहून फारसे वेगळे काही सांगत नाही.

पोथी उघडली म्हणजे वाचता येईलच असे नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी, अंक, शून्य, वज्र अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले, आणि त्यामुळे हे वाङ्मय कित्येक शतके पंथाबाहेर अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे आणि वि. ल. भावे यांनी या लिप्या जाणून घेतल्या आणि कुलूप निघाले. मग यवतमाळच्या य. खु. देशपांड्यांनी शारदाश्रमातून पोथ्या जमवल्या. नागपूरच्या ह. ना. नेन्यांनी लीळाचरित्र छापायला घेतले. वि. भि. कोलत्यांनी अनेक पोथ्या ताडून सिद्ध केलेली प्रत 1978 मध्ये राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. ही सारी माणसे महंतांच्या दारी गेली, त्यांचा विश्वास मिळवला, तेव्हा कुठे बासने सुटली.

रिद्धपूरच्या विद्यापीठ ग्रंथालयाने हीच वाट धरावी. छापील पुस्तके विकत घेता येतात. कोश, व्याकरणे, नियतकालिकांचे जुने अंक देणगीतूनही मिळतात. पण या ग्रंथालयाची खरी ओळख होईल ती मठांत, वऱ्हाड-मराठवाड्यातल्या वाड्यांत आणि घरच्या देव्हाऱ्यांत असलेल्या पोथ्यांमुळे. त्या मागून आणू नयेत. ज्या घरात पोथीची पूजा होते, त्या घराकडे ती मागणे म्हणजे देव मागणे. ग्रंथालयाने कॅमेरा, दिवे आणि मऊ ब्रश घेऊन तिथे जावे, धूळ झाडावी, एकेका पानाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे, पोथी नव्या बासनात बांधून जागच्या जागी ठेवावी आणि छायाचित्रांची एक प्रत त्या घरी द्यावी. नोंदीत ग्रंथाचे नाव, लिपी, शक, लेखक, पानांची संख्या आणि लांबी-रुंदी असावीच. पोथी कोणाकडून पाहायला मिळाली हेही मालकाच्या संमतीने लिहावे. दोन पोथ्यांत पाठ वेगळा निघाला तर दोन्ही ठेवावेत. राष्ट्रीय पांडुलिपी मिशनने 2003 पासून देशभर हस्तलिखितांच्या नोंदणीचे काम केले. त्याच्या व्याख्येत निदान 75 वर्षे जुने हस्तलिखित बसते. रिद्धपूरने आजीने वहीत उतरवलेल्या जात्यावरच्या ओव्याही घ्याव्यात आणि ज्या कोणी कधी लिहिल्याच नाहीत त्या तिच्या आवाजात, तिच्या वऱ्हाडीत ध्वनिमुद्रित कराव्यात. म्हाइंभटांनी तोंडचे ऐकून लिहिले, त्याच कामाची ही पुढची पायरी.

जमवलेले लोकांत पोहोचवायलाही इथे साधने तयार आहेत. मठांत पोथीवाचन आणि निरूपण रोजचे आहे. ग्रंथपालाने त्या बैठकीला जाऊन बसावे. सांकेतिक लिप्यांचा वर्ग सुट्टीत भरवावा आणि त्यात महंतांनी व प्राध्यापकांनी मिळून शिकवावे. मोर्शी, वरुडच्या शाळांतली मुले आली तर त्यांना ‘स्थानपोथी’ घेऊन गाव फिरवावे. त्या ग्रंथात रिद्धपूरची देवळे, मठ, ओटे असे नोंदले आहेत की त्यावरून नकाशा काढता येतो. म्हाइंभटांनीच लिहिलेल्या गोविंदप्रभूंच्या चरित्रात पाण्यावाचून हाल होणाऱ्या मातंगांना प्रभूंनी विहिरीची जागा दाखवल्याची लीळा आहे. ज्या गावाच्या ग्रंथात ही लीळा आहे, तिथल्या वाचनकक्षात शिरताना कोणाला ओळखपत्राची धास्ती वाटू नये. संत्र्याच्या बागेतून आलेल्या मजुराला, बचतगटातल्या बाईला, स्पर्धा परीक्षेच्या मुलाला तिथे बसायला जागा हवी. सातारा जिल्ह्यातल्या भिलारने 2017 पासून घराघरांत पुस्तके ठेवून दाखवली. पुस्तकाला मोठी इमारत लागतेच असे नाही, हे तिथे सिद्ध झाले.

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा तिच्या प्राचीन ग्रंथसंपदेचा अभिमानाने उच्चार झाला. त्या संपदेतली कितीतरी पाने अजून फळ्यांत बांधलेली आहेत आणि ती वाचू शकणारी माणसे थकत चालली आहेत. म्हणून कपाटे येण्याची वाट न पाहता ग्रंथालयाने आधी माणसे नेमावीत: लिपी जाणणारी, चालायची तयारी असलेली, समोरच्याचे ऐकून घेणारी. रिद्धपूरचा पहिला संग्रह अशाच माणसांनी केला, आणि नवा संग्रहही अशीच माणसे करू शकतील.