एक्सएमएल स्कीमातील स्वनिर्मित विदाप्रकार : वाशीम जिल्ह्यातील नोंदींच्या संदर्भात

प्रवेश-अर्जातील पिनकोडचा रकाना दिसावयास साधा असतो. वाशीम शहराचा पिनकोड ४४४५०५. ही विदा कोणत्या प्रकारची मानावी, या प्रश्नापासून प्रस्तुत विवेचनास प्रारंभ करू.

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने मे २००१ मध्ये शिफारस म्हणून प्रसिद्ध केलेल्या एक्सएमएल स्कीमात पूर्णांक, दिनांक, अक्षरमाला इत्यादी विदाप्रकार तयार मिळतात. त्यांपैकी एक पाया धरून त्यावर मर्यादा घातली की स्वतःचा प्रकार सिद्ध होतो. पिनकोडसाठी पूर्णांक हा पाया सोयीचा वाटतो. परंतु किमान व कमाल मूल्य ठरवून दिले तरी आरंभी शून्य जोडलेली सात अंकी नोंद वैधच ठरते, कारण तिचे मूल्य बदलत नाही. ज्या अंकांची बेरीज करावयाची नाही, ती संख्या नव्हे. म्हणून अक्षरमाला हा पाया घेऊन त्यावर आकृतिबंध घालावा : पहिला अंक १ ते ९ पैकी, पुढील पाच ० ते ९ पैकी.

मराठी वापरकर्त्याची खरी अडचण येथेच आहे. ‘कोणताही अंक’ या अर्थाचे, ‘डी’ अक्षराचे संक्षिप्त चिन्ह स्कीमात वापरल्यास युनिकोडमधील सर्व लिपींचे दशमान अंक, अर्थात देवनागरी अंकही, स्वीकारले जातात. जावास्क्रिप्टमध्ये मात्र तेच चिन्ह केवळ इंग्रजी अंक ओळखते. परिणामी एकच अर्ज एके ठिकाणी ग्राह्य, तर दुसऱ्या ठिकाणी अग्राह्य ठरतो आणि विद्यार्थ्यास कारण उमगत नाही. संक्षिप्त चिन्ह टाळून अपेक्षित अंकांची व्याप्ती स्पष्ट लिहावी, हे उत्तम.

तालुक्याच्या रकान्यासाठी गणनासूची योग्य : वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा. मात्र तुलना अक्षरशः होते. सूचीत ‘मंगरूळपीर’ असता अर्जातील ‘मंगरुळपीर’ नाकारले जाईल. प्रचलित लेखनभेद सूचीत घ्यावेत किंवा तालुक्यास संकेतांक द्यावा. लेखकाचा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे.

सातबाऱ्यावरील क्षेत्रासाठी संयुक्त प्रकार लागतो. हेक्टर व आर हे दोन घटक वेगळे ठेवून आर ० ते ९९ इतकेच मर्यादित करावे. अन्यथा १ हेक्टर ५ आर ही नोंद १.५ अशी लिहिली जाऊन तिचे दीड हेक्टर होते.

पिनकोड निवडलेल्या तालुक्यातीलच आहे काय, हे मात्र या प्रकारांनी तपासता येत नाही. एप्रिल २०१२ च्या १.१ आवृत्तीत अशा परस्परसंबंधांसाठी विधान-तपासणीची तरतूद झाली; तथापि डॉटनेटमधील अंगभूत तपासनीस १.० आवृत्तीच जाणतो. तेथे ही तपासणी आज्ञावलीतच लिहावी लागते.